युरोपातले दुसरे महायुद्ध कसे संपले : दोन तासिकांत कसे शिकवावे?

(इतिहास शिकवणाऱ्यांची चर्चा. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

कालरेषा

'हिटलरने आत्महत्या केली आणि युद्ध संपले' हे वाक्य नववी-दहावीच्या उत्तरपत्रिकांत हमखास सापडते. हिटलर मेला ३० एप्रिल १९४५ ला. लढाई थांबवण्याची वेळ ठरली ८ मेच्या रात्री ११ वाजून १ मिनिट. मधल्या आठ दिवसांत बर्लिन पडले, इटलीतल्या जर्मन सैन्याने शस्त्रे ठेवली, प्रागने उठाव केला आणि माणसे मरतच होती. हे आठ दिवस वगळले तर मुलांच्या डोक्यात फक्त एक मृत्यू आणि एक तारीख उरते. म्हणून हा आराखडा मांडतो आहे. त्रुटी दाखवा, भर घाला.

३५ मिनिटांच्या दोन तासिका, ४० मुले, ५-५ चे ८ गट. प्रत्येक गटाला ११ कार्डे. कार्डशीटचे पोस्टकार्डाएवढे तुकडे पुरतात. घटना पुढच्या बाजूला, तारीख मागे.

१. टोरगाउ येथे एल्ब नदीवर अमेरिकी आणि सोव्हिएत सैनिक भेटले, जर्मनीचे दोन तुकडे झाले (२५ एप्रिल)
२. इटलीतल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीवर कासेर्ता येथे सही (२९ एप्रिल, लागू २ मे)
३. हिटलरची आत्महत्या, मृत्युपत्रानुसार ॲडमिरल डोनिट्झ राष्ट्राध्यक्ष (३० एप्रिल)
४. जनरल वाइडलिंगने बर्लिन सोव्हिएत सैन्याच्या स्वाधीन केले (२ मे)
५. ल्युनेबुर्गच्या माळावर ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीपुढे शरणागती: वायव्य जर्मनी, डेन्मार्क, हॉलंड (४ मे, लागू ५ मे सकाळी ८)
६. प्रागमध्ये नागरिकांचा उठाव (५ मे)
७. फ्रान्समधल्या रीम्स येथे डोनिट्झच्या वतीने जनरल योडलची सर्व जर्मन सैन्याच्या शरणागतीवर सही (७ मे, पहाटे २:४१)
८. बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्ट भागात फील्डमार्शल कायटेलची शरणागतीवर पुन्हा सही (८ मे)
९. सोव्हिएत सैन्य प्रागमध्ये पोहोचले (९ मे)
१०. फ्लेन्सबुर्ग येथे डोनिट्झ सरकारला अटक (२३ मे)
११. चार विजेत्या राष्ट्रांनी जर्मनीची सर्वोच्च सत्ता हाती घेतल्याची घोषणा (५ जून)

पहिली १२ मिनिटे तारखा न पाहता क्रम लावायचा. मुलांना कारण द्यावे लागते: डोनिट्झचा माणूस सही करतो, तर ते कार्ड हिटलरच्या मृत्यूनंतरच हवे. मग कार्डे उलटून तपासायचे. त्यानंतर वहीत पाच रकाने: कोणी, कोणापुढे, कोणत्या सैन्याची, सही केव्हा, लागू केव्हा. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवाच. एकच 'तारीख' असा रकाना केला की कासेर्ता आणि ल्युनेबुर्ग दोन्हींत गोंधळ होतो, आणि मुले 'सही झाली की बंदुका थांबल्या' असे धरून चालतात.

दुसऱ्या तासिकेला एकच प्रश्न: दोन वेळा सही का? सगळी गंमत तिथेच आहे.

नकाशाघर

आराखडा चांगला आहे, पण नकाशाशिवाय हा क्रम हवेत राहील. बर्लिन पडल्यावरही युद्ध का चालू होते, हे नकाशा एका नजरेत सांगतो.

ए-३ आकाराचा युरोपचा कोरा नकाशा आणि त्यावर बटर पेपरचे तीन थर: १ जानेवारी, १६ एप्रिल, ८ मे १९४५. प्रत्येक थरावर जर्मनांच्या ताब्यातला प्रदेश एकाच रंगाने भरायचा. तीन रंग वापरले की मुलांना ते तीन देश वाटतात. तिसरा थर ठेवला की दिसते: बर्लिन गेलेले, पण अख्खा नॉर्वे, लाटव्हियातला कुर्लंडचा कोपरा, बोहेमियाचा (आजच्या चेक प्रजासत्ताकातला) मोठा भाग, क्रीटचा तुकडा, फ्रान्सच्या किनाऱ्यावरची डंकर्क, लोरियाँ, साँ-नाझेर ही बंदरे आणि इंग्लिश खाडीतली चॅनल बेटे अजून जर्मन सैन्याकडेच. नॉर्वेत तर तीन लाखांहून जास्त सैनिक होते, जवळजवळ न लढलेले. बर्लिनच्या वाइडलिंगचा हुकूम त्यांना लागू नव्हता. सगळ्यांना एकदम थांबवू शकेल असा एकच कागद हवा होता, हे पोरांच्या तोंडून आपोआप येते.

नेहमी चुकते ते इथे: आजच्या सीमांचा नकाशा. ब्रेस्लाउ शोधायला गेले तर ते आज पोलंडमधले व्रोत्सवाफ आहे, क्योनिग्सबर्ग आज रशियाचे कालिनिनग्राड. आजचाच नकाशा वापरायचा असेल तर १९३७ ची जर्मन सीमा तुटक रेषेने आधी काढून द्या. आणि पूर्व-पश्चिम जर्मनीची सीमा या नकाशावर मुळीच काढू नका. ती काढली की मुले एप्रिल १९४५ मध्येच दोन जर्मनी निर्माण करतात. ते देश १९४९ चे.

दौतटाक

दुसऱ्या तासिकेसाठी मूळ दस्तऐवज वापरा. रीम्सचा मजकूर पाच कलमांचा, बर्लिनचा सहा. दोन्ही एका पानात बसतात. भाषांतर करून दोन्हींची झेरॉक्स शेजारी शेजारी द्या आणि फरकाखाली पेन्सिलने रेघ मारायला सांगा.

कलमांचा गाभा असा: (१) जमीन, समुद्र आणि हवाई अशा सर्व सैन्यांची बिनशर्त शरणागती, मित्रराष्ट्रांच्या सरसेनापतीपुढे आणि त्याच वेळी सोव्हिएत सैन्यापुढे. (२) ८ मे, मध्य युरोपीय वेळ २३:०१ ला लढाई बंद. जहाजे आणि विमाने मोडायची किंवा बुडवायची नाहीत. (३) पुढचे सर्व हुकूम पाळले जातील. (४) पुढे सर्वसाधारण शरणागतीचा करार लादला गेला तर तो या कागदाची जागा घेईल. (५) न पाळल्यास शिक्षा. बर्लिनच्या कागदात शस्त्रे खाली ठेवून जागेवर हवाली करण्याची भर आहे. सहावे कलम भाषेचे: इंग्रजी, रशियन आणि जर्मन प्रती असतील, पण प्रमाण मानायच्या त्या इंग्रजी आणि रशियन.

मुलांनी चौथ्या कलमावर बोट ठेवले पाहिजे. दुसऱ्या सहीचे दार तिथे उघडे होते.

दुसरी सही का, याची कारणे वेगवेगळी द्या. रीम्सला सोव्हिएत बाजूने जनरल सुस्लोपारोवने सही केली, पण मॉस्कोची स्पष्ट परवानगी त्याच्याकडे आली नव्हती. युरोपातल्या लढाईचा सर्वांत मोठा भार सोव्हिएत सैन्याने वाहिला होता, म्हणून सही बर्लिनमध्ये आणि त्यांच्या वरिष्ठ सेनापतीपुढे व्हावी हा स्टालिनचा आग्रह होता. तिसरे कारण शिक्षक बहुतेक वेळा गाळतात: रीम्सला जर्मनांतर्फे फक्त योडलची सही आहे. बर्लिनला सैन्याच्या वतीने कायटेल, नौदलाच्या वतीने फ्रीडेबुर्ग आणि हवाई दलाच्या वतीने श्टुम्फ. तिन्ही दले बांधली गेली, उद्या कोणी 'आम्ही सही केली नव्हती' म्हणू नये.

समोर सोव्हिएत सेनापती झुकोव आणि आयसेनहॉवरचा ब्रिटिश उपसेनापती टेडर. साक्षीदार म्हणून अमेरिकेचा स्पाट्झ आणि फ्रान्सचा द लात्र द तासिन्यी. मित्रराष्ट्रांचा सरसेनापती आयसेनहॉवर, त्याची सही दोन्हींवर नाही. रीम्सला त्याच्या वतीने बेडेल स्मिथने सही केली. 'योडलने आयसेनहॉवरपुढे सही केली' हे वाक्य गाइडांमध्ये दिसते, ते दुरुस्त करा.

कालरेषा

दौतटाक, याला १९१८, म्हणजे पहिल्या महायुद्धाचा शेवट, जोडायला हवा. 'बिनशर्त' हा शब्द आला कुठून, ते त्याशिवाय कळत नाही.

११ नोव्हेंबर १९१८ ला कोंपिएन्यच्या जंगलात शस्त्रसंधीवर सही करणाऱ्या जर्मन मंडळाचा प्रमुख माथियास एर्झबर्गर हा राजकारणी होता. सेनापती हिंडेनबुर्ग मागेच राहिला. जर्मन सैन्य त्या दिवशीही फ्रान्स-बेल्जियमच्या भूमीवर उभे होते. त्यामुळे पुढे 'आमचे सैन्य हरलेच नव्हते, पुढाऱ्यांनी पाठीत खंजीर खुपसला' ही खोटी कथा पसरवता आली. एर्झबर्गरचा १९२१ मध्ये अतिउजव्यांनी खून केला. नाझींनी हीच कथा वापरली. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाला रूझवेल्टने बिनशर्त शरणागतीची मागणी जाहीर केली, तेव्हा हा धडा समोर होता: सही गणवेशातल्या माणसाची हवी आणि पराभव कोणाला नाकारता येऊ नये.

फळ्यावर दोन रकाने करा, १९१८ आणि १९४५. सही कोणाची, सैन्य कुठे उभे, राजधानी कोणाच्या ताब्यात, अटी होत्या का. चार ओळींत मुले स्वतः उत्तर काढतात.

शब्दवेल्हाळ

शब्दांकडे लक्ष द्या, कारण आपल्याकडे हे चार शब्द एकमेकांच्या जागी फिरवले जातात.

शस्त्रसंधी: लढाई थांबते, वाटाघाटी पुढे. (१९१८)
शरणागती: सैन्य शस्त्रे ठेवते. बिनशर्त असेल तर स्वतःच्या अटी सांगता येत नाहीत. (१९४५)
तह: दोन बाजू अटी ठरवतात. पुरंदरचा तह (१६६५) मुलांना ठाऊक असतो: २३ किल्ले द्यायचे, १२ राखायचे. 'रीम्सला जर्मनांनी कोणते किल्ले राखले?' असा प्रश्न विचारा. एकही नाही, हे उत्तर मिळाले की 'बिनशर्त' कायमचे समजते.
युद्धबंदी: हा शब्द टाळाच. मराठीत तो लढाई थांबण्यासाठी वापरतात आणि कैद्यासाठीही. हिंदी वाचणारी मुले तर 'कैदी' असाच अर्थ घेतात. कैद्याला युद्धकैदी म्हणा.

आणि जर्मनीशी तह १९४५ मध्ये झालाच नाही. इटली, रुमानिया, हंगेरी, बल्गेरिया आणि फिनलंडशी तह १० फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसला झाले. जर्मनीच्या बाबतीत अंतिम तोडगा १२ सप्टेंबर १९९० च्या मॉस्को करारात निघाला. हुशार मुलगा 'मग तह कधी?' असे विचारतोच, तेव्हा हे हाताशी असू द्या.

उत्तरायण

थोडा विरोध नोंदवते. सह्या, कलमे आणि रकाने यांत दोन्ही तासिका संपल्या, तर जर्मनी हरली का हे राहूनच जाते. शेवट कागदावर झाला, पण कागदापर्यंत आणले कोणी? पहिल्या तासिकेची पहिली १० मिनिटे तरी यासाठी काढा.

तीन साखळ्या पुरतात. पहिली पूर्वेची: २२ जून १९४४ ला बेलारूसमध्ये सुरू झालेली बाग्रातियोन मोहीम, १२ जानेवारी १९४५ ला विस्तुला नदीवरून सुटलेला हल्ला, महिनाअखेर ओडर नदी, १६ एप्रिलला बर्लिनवर अंतिम चाल. दुसरी पश्चिमेची: ६ जून १९४४ नॉर्मंडी, २५ ऑगस्ट पॅरिस, डिसेंबरमध्ये आर्देन्सला जर्मनांचा फसलेला प्रतिहल्ला, ७ मार्च १९४५ ला राइन नदीवरचा रेमागेनचा शाबूत सापडलेला पूल, एप्रिलमध्ये रुर खोऱ्याला वेढा आणि तीन लाखांहून जास्त कैदी. तिसरी साखळी इंधनाची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. मे १९४४ पासून कोळशापासून तेल बनवणाऱ्या कारखान्यांवर बाँबहल्ले, ऑगस्टमध्ये रुमानियाची प्लोएश्टी तेलक्षेत्रे गेली, जानेवारीत वरच्या सायलेशियाचा कोळसा गेला. रणगाडे होते, तेल नव्हते. वैमानिकांना शिकवायलाही पेट्रोल उरले नव्हते.

एक तोल सांभाळा. आपल्याकडच्या मुलांनी पाहिलेले युद्धपट बहुतेक नॉर्मंडीचे, त्यामुळे 'अमेरिकेने जर्मनीला हरवले' एवढेच मनात असते. सोव्हिएत संघाचे या युद्धातले मृत्यू सुमारे २ कोटी ७० लाख मानले जातात. हा आकडा फळ्यावर लिहून पुसू नका, तासिका संपेपर्यंत राहू द्या.

कालरेषा

उत्तरायण ताई, मान्य. कार्डांच्या आधी तुमच्या तीन साखळ्या ठेवतो. क्रम लावायला ८ मिनिटे आणि तपासायला ५ धरली तर बसते.

घड्याळजी

२३:०१ हा आकडा मुलांना विचित्र वाटतो. त्यावरून १० मिनिटांचा सुंदर खेळ होतो, गणिताच्या शिक्षकांनाही सामील करता येतो.

आधी हा आकडा आला कुठून ते सांगा. डोनिट्झला जास्तीत जास्त सैनिक आणि निर्वासित पश्चिमेकडे, अमेरिकी-ब्रिटिश हद्दीत पोहोचवायचे होते. म्हणून तो तुकड्या-तुकड्यांनी शरण जात होता. ल्युनेबुर्गला माँटगोमेरीने सोव्हिएत सैन्याशी लढणाऱ्या फौजांची शरणागती घ्यायला नकार दिला. रीम्सला योडलने वेळ मागितला, तेव्हा 'सही करा, नाहीतर पश्चिमेची आघाडी बंद करतो, कोणालाही आत घेणार नाही' असे आयसेनहॉवरने कळवले आणि मध्यरात्रीपासून ४८ तास दिले.

ती मध्यरात्र मित्रराष्ट्रांच्या घड्याळाची, ग्रिनिचच्या दोन तास पुढची. आता एकाच क्षणाची वेगवेगळी घड्याळे काढायला सांगा:

ग्रिनिच: ८ मे, २२:०१
मध्य युरोप: ८ मे, २३:०१
लंडन (तेव्हा दुहेरी उन्हाळी वेळ): ९ मे, ००:०१
मॉस्को: ९ मे, ०१:०१
न्यूयॉर्क (युद्धकालीन वेळ): ८ मे, १८:०१

पश्चिमेत विजयदिन ८ मे आणि रशियात ९ मे, याचे अर्धे उत्तर इथेच मिळते. उरलेले अर्धे बर्लिनच्या सहीत आहे: कागदावर तारीख ८ मे, पण समारंभ लांबला आणि मॉस्कोच्या घड्याळात ९ मे लागून गेला होता.

भारताची वेळ मुलांना शेवटी काढायला द्या. उत्तर इथे लिहीत नाही, आधी कोणीतरी करून बघा.

दौतटाक

घड्याळजींच्या यादीला जोड: युरोपात ९ मे हा 'युरोप दिन' असतो, तो युरोपीय एकीकरणाची सुरुवात करणाऱ्या १९५० च्या शुमान घोषणेचा. मुले आंतरजालावर शोधून तो विजयदिनाशी जोडतात. आधीच सांगून ठेवा.

नकाशाघर

२३:०१ ला सगळे थांबले असेही नाही. बोहेमियात ११-१२ मेपर्यंत चकमकी झाल्या. हॉलंडच्या टेक्सेल बेटावर जर्मन सैन्यातल्या जॉर्जियन तुकडीने एप्रिलमध्ये बंड केले होते, तिथली लढाई २० मेला कॅनडाचे सैनिक उतरल्यावर थांबली. ही दोन ठिकाणे तिसऱ्या थरावर लाल टाचणीने दाखवा.

सेनियोकाठ

इटलीचे कार्ड एवढ्यावर सोडू नका. आपला थेट धागा तिथे आहे.

इटलीतली शेवटची मोठी चढाई ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर सुरू झाली, आणि नदी ओलांडणाऱ्यांत आठवी भारतीय डिव्हिजन होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, त्याच दिवशी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून बाहेर घेऊन आले, मग मशीनगनची तीन ठाणी एकट्याने गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, रायगड जिल्ह्यातले. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

शिकवताना नुसती शौर्यगाथा करू नका. सेनियोपासून कार्ड क्रमांक २ पर्यंत रेघ ओढा: ९ एप्रिलची चढाई, जर्मन फळी फुटली, सैन्य पो नदीकडे हटले, २९ एप्रिलला कासेर्ताची सही, २ मेला लागू. आपल्या कार्डांमधली पहिली शरणागती या आघाडीवरची आहे.

उत्तरायण

छळछावण्यांचा विषय कोणी काढला नाही, तो वगळून शेवट शिकवता येणार नाही. ऑशविट्झ २७ जानेवारी, बूखेनवाल्ड ११ एप्रिल, बेर्गेन-बेल्सेन १५ एप्रिल, डाखाउ २९ एप्रिल. यांची चार कार्डे वेगळ्या रंगाची करा आणि त्याच कालरेषेवर लावा, वेगळ्या 'अत्याचार' पाठात ढकलू नका.

नववीच्या वर्गात प्रेतांचे फोटो दाखवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मुले धक्क्याने हसतात किंवा मान फिरवतात, आणि दोन्हीत शिकणे थांबते. आकडे आणि वाक्ये पुरतात: ऑशविट्झला सोव्हिएत सैनिकांना सुमारे ७ हजार माणसे जिवंत सापडली, कारण त्याआधी सुमारे ६० हजार कैद्यांना बर्फातून चालवत नेले होते. बेल्सेनमध्ये ब्रिटिश सैनिक पोहोचल्यानंतरही सुमारे १३ हजार माणसे उपासमारीने आणि टायफसने दगावली. 'सुटका झाली' हे वाक्य लिहिण्याआधी मुलांनी हा आकडा पाहिलेला असावा.

कालरेषा

हे मूळ आराखड्यात घेतो. पुराव्यांसाठी आणखी दोन वस्तू सुचवतो. एक, १ मेच्या रात्रीची जर्मन रेडिओवरची घोषणा: हिटलर बोल्शेविकांशी लढताना पडला. आत्महत्या लपवली, कारण सैनिकांची शपथ हिटलरच्या व्यक्तीशी बांधलेली होती. कोण सांगते, कोणाला, कशासाठी खोटे, हे तीन प्रश्न इथे चपखल बसतात. दोन, बर्लिनच्या संसद भवनावर, राइशस्टागवर, झेंडा लावणाऱ्या सोव्हिएत सैनिकाचा सोव्हिएत छायाचित्रकार खाल्देईने काढलेला फोटो. झेंडा पहिल्यांदा चढला ३० एप्रिलच्या रात्री, फोटो २ मेचा, मुद्दाम उभा केलेला. छापताना धूर वाढवला आणि एका सैनिकाच्या मनगटावरचे घड्याळ खोडले. फोटो खोटा की खरा असा वाद मुले घालतील. 'हा कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही' असे विचारा.

पेपरतपासणीस

परीक्षेत चार गुणांच्या उत्तराला एवढे सगळे लिहिता येत नाही. मुलांना चार वाक्यांचा सांगाडा द्या: दोन्ही आघाड्यांवरून जर्मनी चिरडली गेली, हिटलरच्या मृत्यूनंतर डोनिट्झने शरणागतीची बोलणी केली, ७ मेला रीम्स आणि ८ मेला बर्लिन येथे बिनशर्त शरणागतीवर सह्या झाल्या, जपानशी युद्ध मात्र सुरूच राहिले, जपानच्या शरणागतीवर २ सप्टेंबरला सही झाली. शेवटचे वाक्य गाळू देऊ नका. ते नसले की मुले हिरोशिमाचा बाँब जर्मनीच्या शरणागतीआधी टाकतात.

शब्दवेल्हाळ

घड्याळजी, तुमचे गणित केले. ग्रिनिच २२:०१ मध्ये साडेपाच तास मिळवले तर ९ मे, पहाटे ३:३१.

घड्याळजी

मुलेही हेच उत्तर देतात, आणि आजच्या घड्याळाने ते बरोबर आहे. पण सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतात युद्धकालीन वेळ होती, घड्याळे एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. त्या दिवशी भारताच्या अधिकृत घड्याळात पहाटेचे ४:३१ वाजले होते.